सरांच्या डोक्यातले केसपेपर

(पत्राचा गोषवारा. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पत्र लिहिणाऱ्या बाई कोल्हापुरातल्या एका पेठेत फॅमिली डॉक्टर आहेत. मुलं लहान होती म्हणून एमबीबीएसनंतर त्यांनी एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या दवाखान्यात रोज चार तास बसायला सुरुवात केली आणि तिथेच सतरा वर्षं गेली. हे ‘सर’ गेल्या महिन्यात वारले. रक्षाविसर्जनाला गल्ली माणसांनी भरली होती. चौकात फलक लागला आहे: ‘अखेरच्या श्वासापर्यंत रुग्णसेवा करणारे देवमाणूस’. आता तालीम मंडळ, डॉक्टर मंडळी आणि घरचे मिळून शाहू स्मारक भवनात शोकसभा घेणार आहेत, स्मरणिकाही काढणार आहेत. मुख्य भाषण आणि स्मरणिकेतला पहिला लेख बाईंनीच द्यावा असा सगळ्यांचा आग्रह आहे.

बाईंच्या अडचणी तीन. सांगण्यासारख्या सगळ्या आठवणी कुणा ना कुणा पेशंटच्या आहेत आणि त्या सांगायच्या नसतात. दुसरी अडचण जास्त जड आहे. सर केसपेपरवर दोन ओळींच्या वर कधी लिहीत नसत, सगळं डोक्यात ठेवत. २०१९ च्या पुरात निवारा केंद्रातल्या माणसांपैकी कोण इन्सुलिनवर आहे, कुणाला फिट येते, कुणाला पेनिसिलिन चालत नाही, हे त्यांनी कागद न बघता सांगितलं होतं. शेवटच्या दोन वर्षांत तेच डोकं साथ देईना. एकदा ग्लिमेपिराइड या मधुमेहावरच्या औषधाची १ मिलिग्रॅमची गोळी ४ मिलिग्रॅमची लिहिली गेली. मेडिकलवाल्याने फोन केला म्हणून निभावलं. त्यानंतर बाई सरांची प्रत्येक चिठ्ठी पेशंटच्या हातात पडण्याआधी बघू लागल्या. शेवटचे काही महिने सर नुसते खुर्चीत बसत आणि तपासत बाईच. पेशंटना कुणी काही सांगितलं नाही. ‘हे बाहेर जाऊ नये,’ असं सरांच्या मुलाने बजावलं आहे. बाई विचारतात: “फलकावरचं वाक्य मी माइकवरून म्हणायचं का? म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर कृतघ्न.” तिसरी अडचण: पेशंट रोज येऊन म्हणतात, ‘सरांची सर कुणाला येणार?’ आणि बाईंनाही ते पटतं.

ताजा कलम म्हणून एक प्रश्न आहे: सरांची पाटी आणि त्यांच्या नावाचे उरलेले पॅड, यांचं काय करायचं?

*

प्रिय डॉक्टर,

शेजारच्या टेबलावर सतरा वर्षं बसलेल्या माणसाबद्दल तुम्ही चार पानं लिहिलीत आणि स्वतःच्या दुःखाबद्दल एक ओळही नाही. डॉक्टर लोकांची ही खोड जुनीच. घरच्यांना सुतक असतं, तेरा दिवस माणसं येऊन बसतात, कुणी चहा करतं, कुणी पिठलं-भात आणतं. सहकाऱ्याच्या वाट्याला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायचं शटर येतं, वर ‘सर कसे गेले हो?’ हे दिवसातून तीस वेळा सांगणं येतं. तेव्हा भाषण, लेख, मुलाची ताकीद हे सगळं आधी जरा बाजूला ठेवा. एक रविवार दवाखाना बंद ठेवून काकूंकडे, सरांच्या पत्नीकडे, जा. शोकसभेचा विषय काढू नका. काकूंना सगळं माहीत आहे. रात्री घरी आल्यावर सर काय विसरत होते, हे तुमच्याआधी त्यांनी पाहिलं असणार. ज्या एका माणसाशी तुम्हाला आडपडदा न ठेवता बोलता येईल, त्या माणसाचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, याचं मला नवल वाटलं.

आता फलकाबद्दल.

पंचगंगेच्या स्मशानातून लोक परतायच्या आत चौकात फलक उभा राहतो, ही आपल्या शहराची रीत. फलक लिहिणाऱ्याला मजकूर तयारच हवा असतो आणि ‘अखेरच्या श्वासापर्यंत’ हे त्याच्या संगणकात आधीपासून असतं. त्यावर तुम्ही साक्षीदार म्हणून सही करायची आहे असं तुम्ही का धरून चाललात? तुम्हाला कुणी त्या वाक्याची शहानिशा करायला बोलावलेलं नाही. न बोलणं आणि खोटं बोलणं यांच्यामध्ये बरीच जागा असते आणि डॉक्टर लोक रोज त्याच जागेत काम करतात. म्हाताऱ्या बाबांच्या फुफ्फुसाचा रिपोर्ट मुलासमोर किती वाचायचा आणि बाबांनी विचारलं तर काय सांगायचं, हे तुम्ही रोज ठरवताच की. तेव्हा ते एक वाक्य वगळा. त्याच्या जागी खरं असलेलं दुसरं वाक्य म्हणा.

शिवाय तुम्ही एक गोष्ट नजरेआड केली आहे. सरांचा विसर हा त्यांचा आजार होता. पेशंटच्या आजाराबद्दल तोंड बंद ठेवायचं, पण आपल्याच सरांच्या आजाराबद्दल सभागृहात बोललं नाही तर आपण खोटारडे, हा हिशोब मला जमला नाही. जागतिक वैद्यक संघटनेची जिनिव्हाची प्रतिज्ञा १९४८ ची. पेशंटने विश्वासाने सांगितलेलं गुपित त्याच्या मृत्यूनंतरही जपायचं, ही भर तिच्यात १९६८ साली पडली. २०१७ च्या सुधारित मसुद्यात शिक्षकांबरोबर सहकाऱ्यांचा आणि विद्यार्थ्यांचाही आदर व कृतज्ञता आली. आदर आणि गुप्तता ही दोन्ही वचनं एकाच प्रतिज्ञेत आहेत आणि तुमच्या बाबतीत दोन्ही एकाच माणसाला लागू होतात. मुलाने बजावलं नसतं तरी व्यासपीठावरून हे बोलायचं नव्हतंच. त्यामुळे त्याच्यावरचा राग थोडा कमी करा. बाप गेलेला मुलगा भलत्या सुरात बोलतो, पण या बाबतीत तो बरोबर बोलला.

हेच पत्र तुम्ही दोन वर्षांपूर्वी पाठवलं असतं, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. डॉक्टर हयात आहे, चिठ्ठ्या लिहितो आहे आणि त्याच्या हातून चुका व्हायला लागल्या आहेत, अशा वेळी पेशंटची सुरक्षितता आधी आणि सरांचा मान नंतर. म्हाताऱ्या माणसाच्या पोटात ग्लिमेपिराइड चौपट गेली तर साखर किती खाली जाते आणि ती किती वेळ वर येत नाही, हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नव्हे. मेडिकलवाल्याच्या फोननंतर तुम्ही प्रत्येक चिठ्ठी तपासायला लागलात. त्याला पत्रात तुम्ही ‘झाकाझाकी’ म्हटलंय. मी निम्म्याहून अधिक त्याला देखरेख म्हणेन, आणि ती तुम्ही नीट केलीत. पण पेशंटना काहीच कळलं नाही, हा उरलेला भाग आहेच. तो भाषणातून फिटणार नाही. खरं सांगायचं तर भाषणाचा आणि त्याचा काही संबंधच नाही, आणि तुमची झोप मोडते आहे ती नेमकी त्यामुळे, असा माझा अंदाज आहे.

तो भाग दवाखान्यात फेडता येतो. सरांनी ज्यांना तपासलं त्यातले बीपी, शुगर, थायरॉइड, दमा, फिट, रक्त पातळ करायच्या गोळ्या असे कायमचे पेशंट वेगळे काढा. केसपेपर अपुरे आहेत, म्हणून त्यांनाच सांगा: ‘घरातल्या सगळ्या गोळ्या, जुन्या चिठ्ठ्या, रिपोर्ट पिशवीत घालून आणा.’ पेठेतली माणसं हे करतात. त्यांच्याकडे १९९० सालचा एक्स-रेसुद्धा गादीखाली असतो. रोज दोन-तीन जणांना जादा वेळ द्या. कुठले आजार, कुठल्या गोळ्या किती ताकदीच्या, कशाची अॅलर्जी, कुठलं ऑपरेशन कधी झालं, शेवटची तपासणी कधीची, अडीअडचणीला घरातल्या कुणाला फोन करायचा, हे सगळं एका पानावर उतरवा. एक प्रत तुमच्याकडे, एक पेशंटकडे. डोस चुकलेला आढळला तर तो दुरुस्त करा आणि पेशंटला सरळ सांगा की डोस बदलला आहे आणि का बदलला आहे. ‘सरांना विसर पडत होता’ हे त्यासाठी सांगावं लागत नाही. पण चुकलेल्या गोळीमुळे कुणाला त्रास झाल्याचं दिसलं, तर मात्र तो त्रास कशाने झाला हे त्या पेशंटपासून लपवू नका. तिथे सरांच्या नावापेक्षा पेशंटचा हक्क मोठा. हे काम शोकसभेच्या आधी सुरू करा. संपायला सहा महिने लागले तरी चालेल.

हे मी फक्त चुका शोधण्यासाठी सांगत नाही. पुरातली जी आठवण तुम्ही लिहिली आहे तीच घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. माणसं अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडली, फ्रीजमधलं इन्सुलिन पाण्याखाली राहिलं. अशा वेळी सगळी पेठ एका माणसाच्या डोक्यात पाठ होती, हे विलक्षणच. पण त्या दिवशी सरच निवारा केंद्रात पोचले नसते तर? ते स्वतः तापाने अंथरुणात असते तर? त्यांच्या स्मरणशक्तीचं कौतुक करताना आपण त्यातला धोका बघायचं विसरतो. जुन्या फॅमिली डॉक्टरांच्या पिढीचं मोठेपण आणि उणेपण या एकाच ठिकाणी आहे. घरातल्या तीन पिढ्या त्यांना ठाऊक असायच्या, पण कागदावर ‘ताप, खोकला, ३ दिवस’ एवढंच. माणूस गेला की सगळं दप्तर त्याच्याबरोबर पंचगंगेला जातं. भाषणात हे बोलायला काहीच हरकत नाही. ‘सर केसपेपर लिहीत नसत, आणि आता आम्ही ते लिहून काढतो आहोत, तुम्ही पिशव्या घेऊन या’ हे वाक्य व्यासपीठावरून म्हटलंत तर हसूही येईल आणि दुसऱ्या दिवसापासून पिशव्याही येतील. सरांची ही खोड पेठेत सगळ्यांना माहीत आहे, त्यात गुपित काही नाही.

आता पेशंटच्या गोष्टींचं. ‘नाव न घेता सांगितलं तर चालेल ना?’ असं तुम्ही पत्रात दोनदा विचारलंय. मुंबईत कदाचित चालेल. आपल्याकडे नाही. ‘एका गल्लीतल्या एका पैलवानाला’ एवढं तुम्ही म्हणायचा अवकाश, तिसऱ्या रांगेतून नाव येईल, आणि बऱ्याचदा चुकीचं येईल. मग ज्याचा काही संबंध नाही तो पैलवान महिनाभर लोकांना समजावत बसेल. वय बदललं, गल्ली बदलली तरी ओळखणारे ओळखतात, कारण मूळ घटना त्यांना आधीच अर्धी ठाऊक असते. म्हणून गोष्ट सांगूच नका. सवय सांगा.

तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर जाता जाता एक वाक्य आलंय: नवी सून पहिल्यांदा दवाखान्यात आली की सर सासूला बाहेर बाकावर बसायला सांगत, सासू चिडली तरी. मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. यात एकाही पेशंटचं नाव नाही, आजार नाही, आणि तरी सर डोळ्यांसमोर उभे राहतात. बाईचं बोलणं बाईकडूनच ऐकायचं, ही शिस्त कुठल्याही पाट्या न लावता त्यांनी पेठेत रुजवली. सभागृहात बसलेल्या निम्म्या बायकांना ती पाच मिनिटं आठवतील, कुणाला आत बसल्याची, कुणाला बाहेर बाकावरची. तुम्ही कुणाचंच काही उघड केलेलं नसेल. अशा चार सवयी आठवा. सतरा वर्षांत चाळीस मिळतील, पण चारच घ्या.

आणि त्यातली एखादी अशी घ्या जिच्यावरून लोक तेव्हा नाराज होत. तुम्ही लिहिलंय की साध्या सर्दी-तापाला सर सुई मारत नसत, ‘अशक्तपणा आलाय, सलाईन लावा की डाक्टर’ म्हणणाऱ्याला भाकरी खायला सांगून घरी पाठवत, आणि जास्त हट्ट धरला तर ओरडत. हे जरूर सांगा, ओरडण्यासकट. आज ‘देवमाणूस’ म्हणणाऱ्यांपैकी काहीजण तेव्हा ‘ह्यो डाक्टर सुईच मारत न्हाई’ म्हणून पलीकडच्या गल्लीत गेले असणार. फीचंही तसंच. ‘कधी कुणाकडून पैसे घेतले नाहीत’ असं दोन वक्ते तरी हमखास म्हणतील. तुम्ही लिहिता की सर फी घेत, उधारीची वही ठेवत आणि दिवाळीच्या आधी कंपाउंडरला आठवण करायला पाठवत. फक्त पैशावाचून कुणाचं औषध थांबवत नसत. मला विचाराल तर हे फुकट औषधापेक्षा मोठं. फुकट देणारा दवाखाना चार वर्षांत बंद पडतो. हा इतकी वर्षं चालला तो त्या उधारीच्या वहीमुळे. नव्याने दवाखाना टाकणारी पोरं सभेला आली तर देवमाणसाच्या गोष्टी ऐकून काय करतील? आपल्याला हे जमणार नाही असं म्हणून एमडीच्या प्रवेश परीक्षेला बसतील. वहीची गोष्ट ऐकून कदाचित पेठेत थांबतील.

वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे फॅमिली डॉक्टर होते. २०१८ साली वारले. आपल्या यादीतल्या सगळ्या माणसांचं बीपी, काही तक्रार असो-नसो, नेमाने मोजणारा डॉक्टर म्हणून त्यांचं नाव झालं, आणि ज्यांना वैद्यकीय मदतीची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच ती सगळ्यात कमी मिळते, हा त्यांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेला नियम आजही सांगितला जातो. माणूस कम्युनिस्ट, निवडणुका लढवलेला, बोलायला रोखठोक. त्यांची आठवण काढताना यातलं काही झाकावं लागत नाही, कारण त्यांनी केलेलं काम नेमकं सांगता येतं. नेमकं सांगण्यासारखं काही सापडलं नाही की मग ‘देवमाणूस’ लागतो. तुमच्याकडे तर भरपूर आहे.

पेशंटच्या गोष्टी तरीही यायला हव्यात असं वाटत असेल तर त्या पेशंटना सांगू द्या. गोष्ट त्यांची, तेव्हा सांगायचा अधिकारही त्यांचाच. स्मरणिकेसाठी दवाखान्यात एक कोरी वही ठेवा. ज्याला लिहायचं तो लिहील, लिहिता येत नाही त्याचं कंपाउंडर लिहून घेईल, आणि छापण्याआधी प्रत्येकाला पुन्हा एकदा विचारायचं: ‘हे नावानिशी छापू ना?’ यात घाई नको. दुःखाच्या भरात लिहिलेलं पंधरा दिवसांनी नको वाटतं, विशेषतः टीबी, गर्भपात, दारू, मानसिक आजार अशा गोष्टींबद्दल असेल तर. आणि दुसऱ्याबद्दल लिहिलेलं, म्हणजे सासऱ्याचा आजार सुनेने लिहिलेला, ते सासऱ्याला विचारल्याशिवाय नाहीच. स्मरणिका म्हटली की निम्मी पानं लॅब आणि मेडिकल दुकानांच्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या जाहिरातींनी भरतात. उरलेल्या अर्ध्या पानांत तरी पेशंटची अक्षरं असावीत.

भाषणाची लांबी विचारलीत. सात मिनिटं. आधी आमदार, नगरसेवक, संघटनेचे अध्यक्ष होतील, तोवर लोक चुळबुळ करायला लागलेले असतील. लिहून न्या आणि वाचा. पाठ करून म्हणायला जाल तर मध्येच गळा दाटेल आणि तोंडात तेच फलकावरचं वाक्य येईल, कारण अशा वेळी तयार वाक्यंच धावून येतात. सुरुवातीला ओळख, मग त्या चार सवयी, मग पिशव्यांचं आवाहन. शेवटच्या दोन वर्षांबद्दल काही बोलायचंच असेल तर, काकूंना आधी वाचून दाखवून, एवढंच म्हणता येईल: ‘शेवटी सर थकले होते. दवाखान्यात येऊन बसत, आणि त्यांच्या शेजारी बसून काम करायला मिळालं हे माझं भाग्य.’ यातला शब्दन् शब्द खरा आहे. काकू नको म्हणाल्या तर तेही वगळा.

मग ते जे तुम्ही आत दाबून ठेवलंय त्याचं काय? ते बोलायची जागा आहे, पण ती सभागृह नव्हे. ती जागा म्हणजे डॉक्टरांची मासिक बैठक. आपल्याकडे खाजगी दवाखाना चालवायला वयाची वरची मर्यादा नाही. महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण होतं, त्यासाठी क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. पण ते पॉइंट डॉक्टरांच्या परिषदांना हजेरी लावून मिळतात, डोकं शाबूत आहे की नाही हे तिथे कुणी बघत नाही. एकट्याचा दवाखाना असेल तर सांगायलाही कुणी नसतं. पेशंटला वाटतं डॉक्टर दमलेत, कंपाउंडर बोलायला घाबरतो, बायकोचं ऐकलं जात नाही. हा प्रश्न तुमच्या सरांचा एकट्यांचा नाही, शहरातल्या प्रत्येक पेठेत सत्तरीपुढचे डॉक्टर आहेत. बैठकीत ‘आमच्या सरांचं असं झालं’ अशी सुरुवात केली की चर्चा सरांवरच अडकेल. स्वतःपासून सुरुवात करा. ‘मी माझ्यासाठी एक कागद लिहून ठेवला आहे. माझ्या हातून चुका व्हायला लागल्या तर मला सांगायचा अधिकार अमुक दोघांना दिला आहे, आणि त्यांनी सांगितलं की मी वाद न घालता थांबेन.’ असा कागद खरोखरच लिहा आणि मगच बोला. पन्नाशीत हे लिहायला सोपं जातं, पंच्याहत्तरीत नाही. समोर बसलेल्यांना जे कळायचं ते कळेल आणि सरांचं नाव निघणारही नाही. निघालंच तर तुम्ही गप्प बसा.

‘सरांची सर कुणाला येणार’ हे तुम्हाला पटतं, असं लिहिलंत. लोक सरांच्या हाताला गुण होता असं म्हणतात, तो काय होता ते जरा बघा. नॉर्वेत सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. एकाच फॅमिली डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून जास्त काळ जाणाऱ्यांची तुलना जेमतेम वर्षभर जाणाऱ्यांशी केली होती. जुन्या पेशंटमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी निघालं, तातडीने इस्पितळात भरती होण्याचं सुमारे २८ टक्क्यांनी. अशा अभ्यासातून कारण आणि परिणाम ठामपणे जोडता येत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. पण दिशा स्पष्ट आहे. वर्षानुवर्षं तोच माणूस बघतोय, या एका गोष्टीत पुष्कळ औषध आहे. आणि तुमची सतरा वर्षं झाली आहेत. सरांनी ज्या पोरांना लस टोचली त्यांच्या पोरांना तुम्ही टोचता आहात. शेवटच्या काही महिन्यांत ‘सरांकडे’ म्हणून आलेले पेशंट तुमच्याकडूनच तपासून गेले आणि बरे झाले. पेशंट सरांची आठवण काढतात तेव्हा तुमची तुलना करत नाहीत, रडायला जागा शोधत असतात. त्यांना ‘खरंय’ म्हणा आणि बीपीचा पट्टा बांधा.

सरांच्या नावाने ‘आदर्श डॉक्टर पुरस्कार’ सुरू करायचं घाटतंय असंही लिहिलंय. तुमचं मत कुणी विचारलं तर सांगा, शाल-श्रीफळ-स्मृतिचिन्ह तीन वर्षं टिकतं, मग वर्गणी गोळा करणारा कार्यकर्ता दमतो. आठवण कामाला कशी लावायची हे कोल्हापूरला शिकवायला नको. पंचगंगेच्या स्मशानात अंत्यसंस्कार मोफत होतात आणि त्यासाठी मंडळं, कुटुंबं शेणी (गोवऱ्या) दान करतात. गेलेल्याच्या नावाने दुसऱ्या कुणाची सोय. त्याच पैशात दवाखान्यात एका मुलीला वर्षभर पगारावर ठेवून केसपेपर संगणकात चढवता येतील. किंवा नुकत्याच एमबीबीएस झालेल्या एखाद्याला सहा महिने तुमच्या शेजारच्या टेबलावर बसवता येईल, थोडंफार मानधन देऊन. फॅमिली मेडिसिनचा डीएनबी हा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे खरा. पण सासूला बाहेर कसं बसवायचं हे पाहायला कुणाच्या तरी शेजारी बसावंच लागतं. तुम्ही तसंच शिकलात.

राहिला ताजा कलम. पॅडचं आधी, कारण ते तातडीचं आहे. सरांच्या नावाच्या पॅडवर आता एकही चिठ्ठी लिहू नका, ‘संपेपर्यंत वापरू’ म्हणूनसुद्धा नाही. त्यावर त्यांचा नोंदणी क्रमांक आहे आणि हयात नसलेल्या डॉक्टरच्या नावाने औषध जाणं तुम्हालाही महागात पडेल, मेडिकलवाल्यालाही. आठवणीला एक पॅड काकूंना द्या, बाकी फाडून टाका. शिक्केही मोजून ताब्यात घ्या. कंपाउंडरच्या खणात एखादा असतोच. मृत्यूचा दाखला जोडून महाराष्ट्र वैद्यक परिषदेला कळवायचं काम मुलाचं, पण त्याला सुचणार नाही, तेव्हा अर्ज तुम्ही लिहून द्या आणि सही त्याची घ्या. दवाखान्याला सरांचं नाव ठेवायचं असेल तर घरच्यांना विचारून खुशाल ठेवा. मात्र तपासणारा डॉक्टर कोण, पदवी कोणती, नोंदणी क्रमांक कोणता, हे पाटीवर तुमचं हवं. पाटीवाल्याला आधी मजकूर कागदावर लिहून द्या. क्रमांक त्याला फोनवरून सांगू नका, हमखास चुकवतो.